वीतभर नळीची कुळकथा

मे महिन्याच्या अखेरीस मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली अशा कुठल्याही उपनगरात छोटी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीच्या गाळ्यासमोर उभं राहिलं, तर तक्रारी जवळपास एकाच साच्याच्या ऐकू येतात. ‘मेस्त्री, दोरी ओढून हात दुखला, पण पकडतच नाही.’ ‘चालू होतं, पण जरा तापलं की तडफडून बंद पडतं.’ ‘टाकीखाली ओलं दिसतंय, वास येतोय.’ सोसायटीचं ग्रास कटर, मंडपवाल्याचा जनरेटर, फांद्या छाटणाऱ्या ठेकेदाराची चेनसॉ, तळघरातलं पाणी उपसायचा पंप. पाऊस तोंडावर आला की सगळ्यांना आपापलं मशीन आठवतं. मेस्त्री प्लग काढून बघतो, चोक देऊन बघतो, आणि मग टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी नळी दोन बोटांत दाबतो. ती मऊ आणि चिवट लागायला हवी. हाताला लागते ती कडक काडी, नाहीतर चिकट लगदा. ‘पाइप गेला,’ एवढंच तो म्हणतो आणि खुंटीवरच्या गुंडाळीकडे हात नेतो.

छोट्या इंजिनाची गोष्ट निघाली की लोक पिस्टनबद्दल बोलतात, कार्बोरेटरबद्दल बोलतात. नळीबद्दल कुणी बोलत नाही. ती फुटावर कापून मिळते, तिची किंमत चहा-वडापावच्या हिशेबात बसते, बहुतेक वेळा तिच्यावर कुणाचं नाव नसतं आणि ती शेवटची कधी बदलली हे कुणाला आठवत नाही. तरीही पेट्रोलच्या यंत्रात एवढ्या वेळा मुळापासून नवा अवतार घ्यावा लागलेला दुसरा भाग मला सांगता येणार नाही. पेट्रोल म्हणून आपण जे भरतो, तो एकच द्रव कधीच नव्हता. त्याची घडण बदलत गेली, आणि दर बदलाला आधी जुनी नळी निकामी झाली, मग तिच्या जागी टिकेल अशी नळी शोधावी लागली. आपण आत्ता अशाच एका बदलाच्या मधोमध उभे आहोत. म्हणून ही कुळकथा.

सुरुवातीला रबराचा संबंधच नव्हता. मुंबईत १८९८ मध्ये पहिल्या मोटारी आल्या. त्या काळच्या इंजिनांना तांब्याची किंवा पितळेची बारीक नळी असे. टाकी वर, कार्बोरेटर खाली, आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरणार. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टीमध्येही हीच सोय होती. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला, की ते इंजिनापर्यंत पोचत नसे; मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. आज लग्नमंडपामागे घरघरणारा साधा जनरेटर त्याच घराण्यातला आहे. कॉक उघडला की पेट्रोल खाली येतं, त्याला पंप लागत नाही.

तांब्याला पेट्रोलचं वावडं नाही, थरथरीचं आहे. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला हजारो वेळा हादरतं. तांबं सारखं हलत राहिलं की आतून कडक होत जातं आणि एक दिवस नटाजवळ चिरतं. म्हणून जुन्या गाड्यांत धातूच्या नळीला मध्येच एखादं वेटोळं देत, म्हणजे हादरा त्यात जिरावा. वेटोळ्याला जागा लागते. इंजिन जसजसं लहान आणि टाकीला चिकटून बसणारं झालं, तसतशी लवचीक नळीची गरज वाढली.

लवचीक म्हणजे रबर, आणि रबर म्हणजे तेव्हा झाडाचा चीक. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं आणि ते उन्हाळ्यात वितळायचं, थंडीत तडकायचं थांबलं. हेन्री विकहॅमने १८७६ मध्ये ब्राझीलमधून रबराच्या झाडाचं बी लंडनच्या क्यू बागेत नेलं, तिथून रोपं आशियात आली, आणि १९०२ मध्ये केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाड इथे आपल्याकडची पहिली व्यापारी लागवड झाली. टायर, ट्यूब, पाण्याची नळी, वॉशर, सगळ्याला हे रबर चाललं. पेट्रोलला मात्र ते चाललं नाही. झाडाच्या रबराचा रेणू कार्बन आणि हायड्रोजन यांचा, पेट्रोलचेही त्यांचेच. दोघं एकमेकांत सहज मिसळतात. पेट्रोल रबराच्या साखळ्यांमध्ये शिरतं आणि नळी भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखी फुगते. फुगलेल्या नळीचं आतलं भोक आवळतं, भिंत पिठूळ होते, तिचे कण सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. ‘कचरा आलाय’ असं मेस्त्री म्हणतात तो कचरा नेहमी टाकीतलाच असतो असं नाही. अनेकदा तो नळीचा स्वतःचा देह असतो.

यावरचा पहिला उपाय कुणी शोधायला गेलं नव्हतं. १९२० च्या दशकात कॅन्सस सिटीमध्ये जोसेफ पॅट्रिक हा डॉक्टर झालेला रसायनप्रेमी गाड्यांच्या रेडिएटरसाठी न गोठणारा द्रव बनवायच्या खटपटीत होता. द्रव झाला नाही. भांड्याच्या तळाशी एक दुर्गंधी डिंक बसला. तो धुऊन काढायला त्याने हाताशी असलेले द्रव ओतून पाहिले, डिंक कशालाच दाद देईना. जे कशातच विरघळत नाही ते पेट्रोलमध्येही विरघळणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि ‘थायोकॉल’ जन्माला आलं. गंधकाने भरलेलं हे कृत्रिम रबर एवढं घाण वासाचं होतं की कारखान्याशेजारचे लोक तक्रारी घेऊन येत. पण पेट्रोलच्या नळ्यांना आतून अस्तर म्हणून ते चाललं. पाठोपाठ ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत निओप्रीन तयार झालं आणि १९३१ मध्ये बाजारात आलं. ऊन, ओझोन आणि तेलाचे शिंतोडे ते चांगलं सोसतं, म्हणून नळीच्या बाहेरच्या सालीला त्याचा उपयोग झाला.

खरा वंशपुरुष जर्मनीतला. आय. जी. फार्बेन या कंपनीत एरिच कोनराड आणि एडुआर्ड चुंकुर यांनी ब्युटाडाइन आणि अॅक्रिलोनायट्राइल जोडून नवं रबर केलं. पेटंटचा अर्ज १९३० चा, आणि त्या दशकाच्या मध्यावर ते ‘बुना-एन’ नावाने बनू लागलं. आपण त्याला नायट्राइल म्हणतो. यातली युक्ती मला फार आवडते. अॅक्रिलोनायट्राइलच्या भागात विद्युतभार एका टोकाला झुकलेला असतो, रसायनशास्त्राच्या भाषेत तो ध्रुवीय. पेट्रोल ध्रुवीय नाही, म्हणून त्याला या रबरात शिरायला वाट मिळत नाही. अॅक्रिलोनायट्राइल जास्त घातलं तर पेट्रोल आणखी दूर राहतं, पण नळी थंडीत कडक होते. कमी घातलं तर लवचीक राहते, पण फुगते. नळी बनवणारा आजही या दोन टोकांमध्ये आपलं प्रमाण ठरवतो.

दुसऱ्या महायुद्धात मलाया जपानच्या हाती गेलं, १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि दोस्तांचा झाडाच्या रबराचा मोठा पुरवठा तुटला. कृत्रिम रबर तेव्हा हौसेची वस्तू राहिली नाही. गोळी लागली तरी भोक आपोआप बुजवणाऱ्या विमानांच्या टाक्यांमध्ये नायट्राइलचं अस्तर असे. युद्ध संपल्यावर हेच रबर स्वस्त होत होत स्कूटरच्या, पंपाच्या, करवतीच्या नळीत उतरलं.

त्याच सुमाराची जपानमधली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिचं टोक आपल्या मंडपांपर्यंत येतं. १९४६ मध्ये सोइचिरो होंडा याला लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी लहान जनरेटर-इंजिनं भंगारात मिळाली. त्याने ती सायकलींवर बसवली. पहिल्या नमुन्याला टाकी म्हणून अंथरुणात पाय शेकायची गरम पाण्याची बाटली जोडली होती. पेट्रोल रेशनवर होतं, म्हणून त्यात पाइनच्या झाडाचं टर्पेंटाइन मिसळत. इंजिन लहान, टाकी उसनी, इंधन मिसळीचं. या सगळ्याला जोडून ठेवणारी नळी किती सोशिक असावी लागली असेल, याचा विचार हाताने काम करणाऱ्या माणसाला केल्याशिवाय राहवत नाही. पुढे १९८५ मध्ये भारतात श्रीराम-होंडा ही जोडकंपनी निघाली, बिर्ला-यामाहाचे जनरेटरही आले, आणि पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायची मशीनं दुकानांच्या पायऱ्यांवर दिसू लागली.

मुंबईच्या उपनगरांत छोट्या इंजिनांची विद्या आधीच रुजलेली होती. तिचं कारण रिक्षा. वांद्रे आणि सायनच्या पलीकडे, बेटाच्या दक्षिण भागात, रिक्षाला परवानगी नाही. रिक्षा उपनगरांचीच, म्हणून तिचे गॅरेजवालेही इथलेच. बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना १९५९ मध्ये मिळाला, पुण्याच्याच कायनेटिकची लुना १९७२ मध्ये आली. टू-स्ट्रोक इंजिन, ऑईल मिसळलेलं पेट्रोल, कॉक, वीतभर नळी, तारेची क्लिप: लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने आणि पश्चिम उपनगरांच्या स्टेशनाबाहेरच्या गल्ल्यांत पोरं हेच शिकून मेस्त्री झाली. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून यायचे, नळ्यांची गुंडाळी मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवरून. पुढे धुराने बेजार झालेल्या रहिवाशांच्या याचिकेवर १९९९ पासून उच्च न्यायालयाने आदेश दिले, व्ही. एम. लाल समिती बसली आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत रिक्षा सीएनजीवर गेल्या. सीएनजीला दाब सोसणारी पोलादी नळी लागते. मऊ नळीची विद्या मग स्कूटरींकडे, आणि जनरेटर, ग्रास कटर, चेनसॉ, फवारणी पंपांकडे वळली.

या हातातल्या यंत्रांची नळी मात्र रिक्षाच्या नळीची थेट लेक नाही. ती वेगळ्या शाखेची. पूर्वीच्या पेट्रोलच्या करवतींना तरंगत्या फ्लोटचा कार्बोरेटर असे. असं इंजिन आडवं केलं की फ्लोट बिथरायचा आणि इंजिन गुदमरायचं. महायुद्धानंतरच्या वर्षांत टिलॉटसनसारख्या अमेरिकन कंपन्यांनी पडद्याचा कार्बोरेटर रुळवला. त्यात फ्लोट नाही. इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या चढउतारावर एक पातळ पडदा फडफडतो आणि पेट्रोल ओढून घेतो. करवत आडवी धरा, उलटी धरा, चालतेच. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसने नायलॉनच्या दोरीने गवत कापायची कल्पना काढली, आणि पुढे असंच हलकं इंजिन त्या दांड्याच्या टोकाला बसलं. तेच आपलं ग्रास कटर.

कार्बोरेटर कसाही वळू लागला, तरी टाकीतलं पेट्रोल खालच्या बाजूलाच जाणार. म्हणून नळीला टाकीच्या आत जावं लागलं. तिच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो. मशीन जिकडे कलेल तिकडे तो लोळत जातो आणि पेट्रोलात बुडून राहतो. म्हणजे या नळीला आतून पेट्रोल, बाहेरूनही पेट्रोल, आणि वर सतत वाकणं. एवढं सोसणारी नळी आधीच्या कुठल्याही यंत्रात नव्हती. तिच्या जोडीला दुसरी नळी: पारदर्शक बल्ब दाबला की पहिलीतून पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ओढलं जातं आणि जादाचं दुसरीतून टाकीत परत येतं.

या जागी नळी तडकली तर पेट्रोल गळेलच असं नाही, आणि धोका तिथेच आहे. ओढणाऱ्या नळीला केसाएवढी चीर पडली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. इंजिनाला पेट्रोल कमी, हवा जास्त. ते चिरक्या आवाजात पळू लागतं. नवख्याला वाटतं, मशीन आज जोरात आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलचंच. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. पिस्टन तापतो, सिलिंडरला ओरबाडतो आणि जागच्या जागी बसतो. वडापावच्या किमतीची नळी वेळेत न बदलल्यामुळे अख्खं इंजिन बदलायची वेळ येते. रोजंदारीवर झाडं छाटणाऱ्याला किंवा गवत कापणाऱ्याला ते परवडणारं नाही.

नळी बदलण्याचं कसबही या शाखेत वेगळं आहे, आणि चांगल्या मेस्त्रीच्या हातात ते बघण्यासारखं असतं. टाकीच्या भोकाशी क्लिप नसते. नळी भोकापेक्षा किंचित जाड असते आणि तिथे आवळून बसते, हाच तिचा सील. म्हणून नव्या नळीचं टोक लांब तिरकं कापायचं, त्या टोकाला ऑईलचं बोट लावायचं, टोक भोकातून आत सारायचं आणि झाकणाच्या तोंडातून आकड्याच्या तारेने ते धरून बाहेर ओढायचं. तिरका भाग छाटून तिथे फिल्टर बसवायचा आणि नळी परत मागे घ्यायची. लांबी इथे ठरते. फिल्टर टाकीच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचला पाहिजे, पण कुठे अडकून नळीला घडी पडता कामा नये. काही जण भोक मोठं करून सैल नळी घालतात आणि भोवती चिकटवायचं रसायन लावतात. पेट्रोल ते रसायन खातं, आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टाकी ओली व्हायला लागते. बाहेर दोन्ही नळ्या अदलाबदल न करता लावायच्या, नाहीतर बल्ब कितीही दाबला तरी पेट्रोल चढत नाही. शेवटी बल्ब दाबत राहायचं. परतीच्या नळीत आधी बुडबुडे दिसतात, मग ते थांबून अखंड पेट्रोल दिसतं. तेव्हा दोरीला हात लावायचा.

जनरेटरचं काम सोपं. वरून खाली येणारी जाड नळी, दोन क्लिपा. लक्ष ठेवायचं ते सायलेन्सरपासूनच्या अंतराकडे, आणि नळी मध्येच वर चढून खाली येत नाही ना याकडे, कारण त्या चढावर हवेचा बुडबुडा अडकून बसतो. हे सगळं उघड्या जागी, इंजिन गार असताना आणि टाकी रिकामी करून करायचं. पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कामगार डासांसाठी धुराचं मशीन खांद्याला लावून चाळींतून, नाल्यांच्या कडेने फिरतात. त्या मशीनमध्ये बहुधा पिस्टनही नसतो. पेट्रोलचे लागोपाठ स्फोट होणारी एक लांब तप्त नळी असते, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी. तिथली मऊ नळी कशी आहे, हा त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. तो रोज मशीन उचलण्याआधी विचारला गेला पाहिजे.

नळी हाताशी नसली की माणसं मिळेल ते लावतात. सलाइनची नळी, माशांच्या टाकीतल्या हवेच्या पंपाची नळी, पाण्याची पारदर्शक नळी, सगळं मी लावलेलं पाहिलं आहे. ही बहुतेक पीव्हीसी. मुळात पीव्हीसी कडक असतं. बी. एफ. गुडरिच कंपनीच्या वाल्डो सेमनने १९२६ मध्ये त्यात तेलकट द्रव मुरवून ते मऊ करायची रीत काढली. पेट्रोल तोच द्रव हळूहळू धुऊन नेतं. नळी आधी पिवळी पडते, मग आखडते, मग काचेसारखी तुटते. नव्या नळीतून पेट्रोल वाहताना दिसतं याचं समाधान काही आठवडेच टिकतं. पेट्रोलसाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या पारदर्शक पिवळ्या नळ्या निराळ्या. टायगॉन हे त्यातलं जुनं नाव. पण रंग पिवळा आहे म्हणून नळी तीच असेल, असं मानू नये.

आणि आता अल्कोहोल. ऊस पिकवणाऱ्या आपल्या राज्याशी याचं नातं जुनं आहे. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायची तरतूद करणारा ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्ट’ १९४८ चा. तो २००० मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी मिरज आणि मनमाड इथे, आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं ‘ई-२०’ पंपांवर यायला लागलं, आणि २०२५ मध्ये सरकारने सरासरी २० टक्के गाठल्याचं सांगितलं. घाटकोपरला लागून असलेलं विद्याविहार सोमय्यांच्या नावाने ओळखलं जातं. करमशीभाई सोमय्यांनी गोदावरी शुगर मिल्स १९३९ मध्ये उभी केली आणि १९५९ मध्ये इथे शिक्षणसंस्था वसवली. त्याच घराण्याची कंपनी आज उसापासून इथेनॉल बनवते. बरेलीचीही एक जुनी ओळख सांगतो. तिथे १९६३ मध्ये मुंबईच्या किलाचंद घराण्याने सिंथेटिक्स अँड केमिकल्सचा कारखाना सुरू केला. कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाइन तिथे मळीच्या अल्कोहोलपासून काढत. ते रबर टायरांचं, नळीचं नव्हे. पण ब्युटाडाइन हाच नायट्राइलचाही एक पाय आहे.

नायट्राइलने पेट्रोलला दूर ठेवलं ते आपल्या ध्रुवीयपणाच्या जोरावर. अल्कोहोलही ध्रुवीय आहे. ज्या दारातून पेट्रोलला मज्जाव होता, त्याच दारातून अल्कोहोल आत शिरतं, आणि जाताना पेट्रोललाही सोबत नेतं. म्हणून नुसत्या पेट्रोलमध्ये किंवा नुसत्या अल्कोहोलमध्ये नायट्राइल जेवढं फुगतं, त्याहून जास्त ते दोघांच्या मिश्रणात फुगतं. मशीन महिनाभर रिकामं ठेवलं की नळी सुकते, आक्रसते आणि भोकाशी सैल होते. पुन्हा भरलं की पुन्हा फुगते. सोसायटीचं ग्रास कटर पावसाळ्यात चालतं आणि उरलेलं वर्ष गच्चीवरच्या खोलीत पडून असतं. त्याच्या नळीला हे चक्र सर्वांत जास्त भोगावं लागतं. शिवाय अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी म्हणजे त्याला आवतणच. पाणी फार झालं की अल्कोहोल ते घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. फिल्टर तळाशीच असतो, ऑईल मात्र वरच्या पेट्रोलात राहिलेलं असतं. अशा वेळी टू-स्ट्रोकचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

मला इथेनॉलविरुद्ध बोलायचं नाही. उसाचा पैसा गावात राहतो, परदेशी तेलाची गरज कमी होते, हे मला मोलाचं वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की या बदलाचा हिशेब मांडताना मोटारी आणि मोटारसायकली मोजल्या गेल्या, हातातली यंत्रं मोजली गेली नाहीत. अमेरिकेत १५ टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला मुभा देताना २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या गाड्यांना परवानगी दिली आणि बोटी व छोट्या इंजिनांना मनाई केली. तशी सूचना तिथे पंपावरच चिकटवलेली असते. छोट्या इंजिनांच्या बऱ्याच नामांकित कंपन्यांच्या पुस्तिकांत अजून कमाल १० टक्केच लिहिलेलं असतं. आपल्याकडे पंपावर २० टक्क्यांचं मिळतं, आणि ग्रास कटर घेऊन कामावर निघालेल्या माणसाला त्यात निवड नसते. त्याच्या हातात उरते ती नळी.

तिची पुढची पिढी तयार आहे. ड्यू पाँटने १९५७ मध्ये व्हायटॉन आणलं, फ्लोरिनयुक्त रबर. पेट्रोल, अल्कोहोल, उष्णता, तिन्ही ते नायट्राइलहून कितीतरी चांगलं सोसतं. ते महाग असतं, म्हणून त्याचा पातळ थर आत आणि साधं रबर बाहेर अशी नळी बनवतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८ च्या नियमांत नळीच्या धड भिंतीतून झिरपणाऱ्या पेट्रोलवरही बंधन घातलं, चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅम. असं अस्तर तिथल्या छोट्या मशीनांत आलं ते त्यामुळे. चीर नसतानाही बंद खोलीत पेट्रोलचा वास का येतो, त्याचं उत्तर या झिरपण्यात आहे.

उपनगरातल्या दुकानात ही नळी मागायची कशी? मोटारीच्या जाड पाइपांवर ‘एसएई जे-३०’ असं छापलेलं असतं. पुढे ‘आर-७’ असेल तर साधारण नायट्राइलच्या घराण्यातली, ‘आर-९’ असेल तर आत फ्लोरिनचं अस्तर. जनरेटरच्या मापाला यातली बारीक नळी चालते. ग्रास कटर आणि चेनसॉच्या अडीच-तीन मिलिमीटर भोकाच्या नळीवर सहसा काहीच छापलेलं नसतं. तिथे मशीनच्या कंपनीचा सुटा भाग घ्यावा, आणि तो मिळाला नाही तर पाकिटावर ‘इथेनॉल’ किंवा ‘ई-२०’ लिहिलेलं आहे का ते वाचूनच पैसे द्यावेत. मेस्त्रीने लावलेली नळी सहा महिन्यांनी बोटांत दाबून बघावी. काम संपलं की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच मशीन गच्चीवर न्यावं, म्हणजे कार्बोरेटरच्या पडद्याला आणि नळीला पुढच्या जूनपर्यंत त्या मिश्रणात भिजत पडावं लागत नाही.